लाल काठाची कपाटं

कुर्याच्चनने आयुष्यभर सरकारी बस चालवली. केरळातल्या पाला ते कोट्टयम आणि कोट्टयम ते पाला. त्या रस्त्यावरचं प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा आणि हात दाखवणारी प्रत्येक म्हातारी त्याच्या ओळखीची. पण स्वतःच्या घरातलं स्वयंपाकघर मात्र त्याने कधी आतून धड पाहिलेलं नव्हतं. पाणी हवं असलं की तो दाराशी उभा राहून घसा खाकरायचा आणि आतून बायकोचा, त्रेस्याम्माचा, हात पेल्यासकट बाहेर यायचा. यात तोरा नव्हता. आत जाऊन आपण उभं कुठे राहायचं हेच त्याला खरोखर कळत नसे.

असल्या माणसाच्या गळ्यात कपाटं निवडायचं काम पडलं.

त्याची एकुलती एक मुलगी ब्लेसी आयर्लंडमध्ये नर्स. घराची डागडुजी करायचं तिनेच ठरवलं, पैसे तिनेच पाठवले, आणि फोनवर एक सुंदर चित्रही पाठवलं. मीनच्चिल नदीच्या काठच्या आमच्या गावांत घर नवं करायचं म्हणजे स्वयंपाकघरं दोन हवीत, हे आता न बोलता ठरलेलं असतं. पुढचं पाहुण्यांनी बघायचं. तिथे चकचकीत कपाटं, काचेची शेगडी आणि परडीत प्लास्टिकची लिंबं. मागचं रांधायचं. तिथे मासे, धूर, नारळाच्या करवंट्या, मांजर आणि घरची बाई. खर्च सगळा पुढच्यावर होतो आणि मागे जुनी फळकुटं ठोकून भागवतात. ज्या कपाटांना वर्षभर कुणाचा तेलकट हात लागत नाही ती सगळ्यांत महाग, याचं आम्हाला कुणालाच हसू येत नाही, कारण सगळ्यांच्या घरी तेच.

"अप्पच्चन, पांढरी घ्या. चकचकीत, आणि मुठी नसलेली," ब्लेसीने बजावलं. "मागचं आहे तसं राहू दे. आणि अम्मच्चीला विचारून घ्या हं."

अम्मच्ची, म्हणजे त्रेस्याम्मा, म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच बघा."

खरं तर इथेच कुर्याच्चनने चमकायला हवं होतं. साधी पळी घ्यायची तर पालाच्या बाजारातली सगळी दुकानं पालथी घालून पुन्हा पहिल्या दुकानात येणारी ही बाई. ती नव्या कपाटांना "तुम्हीच बघा" म्हणते? पण एवढ्या वर्षांत बायकोने घरातली एक गोष्ट आपल्यावर सोपवली, या आनंदात त्याची छाती फुगली. पुरुषमाणूस मानाला भुलतो तो असा.

पालाच्या बसथांब्यामागे शिबूचं कपाटांचं दुकान आहे. शिबू बोलायला लागला की समोरच्याने नुसती मान हलवायची.

"प्लायवूड घ्याल अच्चायन, तर दिसायला राजबिंडं, पण आपल्या दमट हवेत फुगणार. ॲल्युमिनियम घ्याल तर टिकेल, पण तुमच्या घरच्या चेडत्तींनी रागात दार आपटलं की चर्चपर्यंत ऐकू जाईल. माझं ऐका, सिमेंटच्या पातळ फळ्यांचा सांगाडा करू. वाळवी आली तर दात पाडून घेऊन परत जाईल. दारं तुम्हाला हवी ती लावू."

"पांढरी. मुठी नसलेली."

"लावू. आता मला सांगा, चेडत्ती डावखुऱ्या की उजव्या?"

कुर्याच्चनने स्वतःचेच दोन्ही हात पुढे धरून पाहिले.

"बरं, हात वर कुठपर्यंत पोचतो? तांदूळ वर ठेवतात का खाली? रोज काय लागतं हाताशी?"

"तांदूळ... रोज लागतो."

"अच्चायन, तुम्ही त्याच घरात राहता ना?" शिबू म्हणाला, आणि दुकानात बसलेली माणसं खो खो हसली.

त्याच आठवड्यात शिबूने पुढच्या खोलीत नमुन्याचं एक कपाट आणून बसवलं. पांढरंशुभ्र, कुठे मूठ नाही, खाच नाही. दाबलं की दार आपोआप उघडायचं. त्रेस्याम्मा त्याच्यासमोर उभी राहिली. तिने पंजा वरून खाली फिरवला, मग डावीकडून उजवीकडे. कपाटाची कड कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते जणू ती चाचपत होती. "छान आहे हो. गुळगुळीत आहे," असं म्हणून ती दार न उघडताच मागे निघून गेली.

शिबूच्या प्रश्नांना उत्तरं तर हवीच होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्याच्चन एक स्टूल घेऊन मागच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. त्रेस्याम्मा नारळ फोडत होती.

"काय हवंय?"

"काही नाही."

"मग इथे कशाला? बस चुकली का?"

"तू काय कुठे ठेवतेस ते बघायला शिबूने सांगितलंय."

"एवढी वर्षं ताटावर बसलात तेव्हा नाही बघावंसं वाटलं. शिबूने सांगितलं तर लगेच स्टूल घेऊन हजर. त्या शिबूला माझ्याकडून एक मेणबत्ती लावा."

कुर्याच्चन बसून बघू लागला. आणि बघता बघता त्याला मोठी गंमत वाटली. ती डब्यांकडे बघतच नव्हती. बोटं फळीच्या कडेने सरकायची, पहिला डबा, दुसरा डबा, तिसऱ्यावर थांबायची, आणि तिखट बाहेर. हळद, धणे, माशाच्या आंबटाची कुडमपुळी, सगळं तसंच. मासळीच्या मातीच्या चट्टीवर झाकण ठेवताना आधी डावा हात काठावर जायचा, मग उजव्या हातातलं झाकण त्या हातावर. काय सराव आहे, तो मनात म्हणाला.

मग ती वळली आणि भिंतीवरच्या जुन्या कपाटाच्या उघड्या दारावर कपाळाने ठक्कन आपटली.

"लागलं?"

"कुठे काय. उघडं राहिलं होतं."

तिने केस पुढे ओढले. पण ओढण्याआधी त्याला दिसलं. कानशिलावर एक जुना डाग होता, निळसर, आणि त्याच्याखाली आणखी एक पिवळा पडलेला. मांजर तिच्या उजव्या अंगाला ओट्यावर चढून माशाच्या डोक्यावर नाक खुपसून होतं आणि ती शांतपणे कांदा चिरत होती. एरवी या बाईने मांजराला परसापर्यंत पिटाळलं असतं. आता ती दर थोड्या वेळाने अख्खी मान वळवून बाजूला बघत होती. बसचा बाजूचा आरसा फुटला की ड्रायव्हर असाच वळून वळून बघतो. कुर्याच्चनने तशी बस चालवली होती.

तो आवाज न करता उठला. ओट्यावरची पळी घेऊन त्याने तिच्या खांद्याच्या बाजूला धरली, अगदी जवळ. त्रेस्याम्मा ओट्यावर हात फिरवत ती पळी शोधत राहिली. "आत्ता इथे होती," ती पुटपुटली.

"त्रेस्या," तो म्हणाला, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाजूचं दिसत नाही ते."

चुलीवरची चट्टी रटरटत होती. तिने आच कमी केली, पदराला हात पुसले, आणि मग ती त्याच स्टुलावर बसली.

"गेल्या नाताळच्या आधीपासून," ती म्हणाली. "आधी वाटलं, चष्मा जुना झालाय. समोरचं दिसतं हो मला. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, पण दिसतं. ब्लेसीला सांगू नका."

"अगं, पण ती नर्स आहे."

"म्हणूनच म्हणते, सांगू नका. माझ्या आईचं असंच झालं होतं. भावाने जीव लावून सगळं केलं तिचं. खाट दिली, उशाशी माळ दिली, वेळेवर ताट दिलं. पण पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. आई, भाजशील. आई, तू बस. मरेपर्यंत तिच्या हातून कुणी एक कांदा चिरून घेतला नाही. मी माहेरी गेले की ती माझे हात हुंगायची. आज काय केलंस गं, म्हणायची. मला खाटेवर बसवू नका. आणखी मला काही नको."

कुर्याच्चनने चट्टीवरचं झाकण उचललं, आत डोकावलं आणि म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे जायचं. मग कुणाला काय सांगायचं ते बघू."

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, पण थेंब नियमाने घातले तर आहे ते जपता येईल. त्रेस्याम्माचा चेहरा जरा उजळला. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "आईला होता, तुम्हाला आहे. मुलं किती तुम्हाला? त्यांचे डोळे तपासून घ्या. हा घराण्यात उतरतो, आणि गुपचूप येतो."

परतीच्या बसमध्ये पाला जवळ आलं तेव्हा त्रेस्याम्मा म्हणाली, "आता तिला सांगावंच लागणार."

"हो."

"तिच्या डोळ्यांपुढे माझं स्वयंपाकघर काय मोठं आहे? सांगीन मी. पण ती समोर आल्यावर सांगीन. फोनवर नाही." आणि मग खिडकीकडे तोंड करून, "सांगितलं की ती मला बसवणार."

ईस्टरला ब्लेसी येणार होती. तेवढाच वेळ हातात होता. तो बसमधून उतरला तो तडक शिबूच्या दुकानात गेला.

"पुढचं स्वयंपाकघर रद्द," तो म्हणाला. "सगळं मागे करायचं."

शिबूच्या हातातला चहा सांडायचा राहिला. "मागे? अच्चायन, मागे कोण बघतंय?"

"जी रांधते ती बघते."

"आणि पुढे काय?"

"पुढे खुर्च्या. मधली भिंत ओट्याच्या उंचीपर्यंत पाडायची. येणारा माणूस तिला समोरून येताना दिसला पाहिजे."

शिबूला खरं कारण सांगितलं नव्हतं, त्यामुळे म्हातारा खुळावलाय अशी त्याची खात्री पटली. पण आता कुर्याच्चनकडे शिबूच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. वरच्या कपाटांना दारंच नकोत, कारण उघडं राहिलेलं दार कपाळाला लागतं. नुसत्या फळ्या हव्यात, पुढे बोटभर कठडा असलेल्या, म्हणजे डबा ढकलला जाणार नाही. खाली खण हवेत, पण असे की जरा ढकलले की आपसूक आत जातील, नडगीला लागणार नाहीत. ओट्याचे कोपरे गोल. फळ्यांची उंची ठरवायला त्याने मोजपट्टी घेतलीच नाही. त्रेस्याम्माला भिंतीसमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, "तिखट घे." हवेत तिचा हात जिथे गेला तिथे त्याने भिंतीवर खडूने रेघ मारली. "आता मीठ." तिथे दुसरी रेघ. दोघं पोरांसारखी हसत होती. लग्न झाल्यापासून या खोलीत ती दोघं एवढा वेळ एकत्र कधी थांबलीच नव्हती.

राहिला रंग. त्याने शिबूकडून रंगांच्या पट्ट्या आणल्या आणि पांढऱ्या फळीवर एकेक ठेवून तिला विचारत गेला. करडा? दिसत नाही. फिकट निळा? नाही. बदामी? "कुठे आहे?" मग त्याने लाल पट्टी ठेवली आणि तिने झटकन बोट टेकवलं. "हा! हा दिसतो."

"लाल?" शिबू ओरडलाच. "प्रत्येक फळीला, खणाला, ओट्याला लाल काठ? लाल मुठी? अच्चायन, जन्मभर काँग्रेसला मत दिलंत आणि आता घरात लाल झेंडे लावताय? पक्षातनं काढतील!"

"काढू देत."

"लोक विचारतील, कम्युनिस्ट कधी झालात."

"सांग त्यांना, म्हातारपणी अक्कल आली."

गावात ते खरंच पसरलं. रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मगुरूंनीसुद्धा त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय कुर्याच्चन, क्रांती स्वयंपाकघरातून का?" ज्याला कुणी पक्षाबद्दल चकार शब्द बोललेलं खपत नसे, तो कुर्याच्चन नुसता हसला. सगळ्यांत जास्त नाकाला मिरच्या झोंबल्या त्या ब्लेसीच्या. फोनवर ते लाल काठ बघून ती किंचाळलीच. "हे काय केलंत अप्पच्चन! पुढे काहीच नाही? आणि हा रंग कुणी सुचवला?"

"ये आणि बघ," एवढंच तो म्हणाला.

ब्लेसी आली ती पवित्र आठवड्यात, बुधवारी. प्रवासाने दमली होती, झोपून गेली. दुसरा दिवस पेसहाचा, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या गुरुवारचा. त्या संध्याकाळी घरचा कर्ता माणूस बिनखमिराचा अप्पम मोडून सगळ्यांना देतो, आणि तो अप्पम घरच्या बाईने स्वतः करायचा असतो. दुपारी त्रेस्याम्माने तांदूळ-उडदाचं वाटण ताटलीत ओतून वाफवायला ठेवलं. नारळाचं दूध गुळात उकळत होतं. कुर्याच्चन कोपऱ्यात बसून झावळीच्या पातीचा क्रूस दुमडत होता. अप्पमवर तो ठेवायचा असतो. तेवढ्यात ब्लेसी आत आली आणि कमरेवर हात ठेवून चौफेर बघू लागली.

"देवा रे, खरंच लाल आहे! अप्पच्चन, तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

"रंग मी निवडला," त्रेस्याम्मा म्हणाली.

"तू? तुला तर लाल साडीसुद्धा आवडत नाही."

"आवडत नाही. पण मला तोच दिसतो, पोरी."

कुर्याच्चनने हातातली पात खाली ठेवली. त्रेस्याम्माने हात पुसले आणि ठरवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. काचबिंदू, थेंब, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि आईचं. न रडता सांगितलं. ब्लेसीतली नर्स जागी झाली. आईच्या कानाजवळ बोट धरून ती विचारू लागली, "हे दिसतं? हे? आता?" आणि प्रत्येक 'नाही'ला तिचा चेहरा उतरत गेला.

"एवढे महिने! आणि मला कुणी सांगितलं नाही? वाफेजवळ उभी आहेस, सुऱ्या वापरतेस!" तिने आईच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "हो बाजूला. अम्मच्ची, तू बस. आजपासून काही करायचं नाही. उद्याच मी एक बाई बघते."

मुलीच्या हाताबरोबर त्रेस्याम्मा एक पाऊल मागे सरकली, आणि तिचे दोन्ही हात रिकामे, तसेच हवेत राहिले. कुर्याच्चनला ते बघवेना.

"ब्लेसी, फडकं दे तिचं," तो म्हणाला.

"अप्पच्चन, तुम्हाला कळत नाही..."

"फडकं दे." मुलीवर तो आजवर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आताही आवाज चढला नाही. "तुझ्या आजीलाही सगळ्यांनी प्रेमानेच बसवली होती. ही फळी बघ. हिचा हात जिथे जातो तिथे आहे. हा खण बघ, आपला आपण मिटतो. सगळ्या गावाचं हसू घेतलंय मी अंगावर. हे सगळं तिला बसवायला नाही केलं. भाजेल, एखाद वेळ भाजेलही. तू नाही भाजलीस कधी?"

ब्लेसीने वर बघितलं. फळ्यांचे लाल काठ तिने आता पहिल्यांदाच नीट पाहिले असावेत. तिने हात वर नेला, आईच्या खांद्याच्या उंचीला, आणि बोटं तिखटाच्या डब्यावर टेकली. मग ती वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. कुर्याच्चन तिच्या पाठीवर थोपटत राहिला. त्यालाही रडू आवरेना, आणि आवरायला तो गेलाही नाही.

"सोमवारी तुझे डोळे दाखवायला जायचंय," त्रेस्याम्मा म्हणाली. "अप्पच्चनने वेळ घेऊन ठेवलीय. नको म्हणायचं नाही."

"जाईन," ब्लेसी नाक ओढत म्हणाली. तिने फडकं आईच्या हातात दिलं आणि तिच्या शेजारी उभी राहिली. "मग निदान हाताखाली काही दे. मी इथे बाजूला उभी राहते."

"बाजूला नको," त्रेस्याम्मा म्हणाली. "बाजूला उभी राहिलीस की मला तू दिसतच नाहीस. तिकडे जा, ओट्यापलीकडे, आणि समोर बस. समोरून तू मला अख्खी दिसतेस."

ब्लेसी वळसा घालून गेली आणि पाडलेल्या भिंतीपलीकडच्या खुर्चीवर आईच्या अगदी समोर बसली. त्रेस्याम्माने भांड्याचं झाकण उचललं. मधे वाफ आली, आणि ती विरेपर्यंत ती मुलीकडे बघत थांबली.